उसनं रडणं

२४ एप्रिल
आज डोंगरात बाबांनी अस्वल पाडलं. म्हातारी मादी. त्यांच्या शिकारीवरच्या चित्रपटासाठी आवाज टिपायचं काम माझं — माइक धरून बोटं बधिर! बाबांनी आधी आचळं दाबून पाहिली. कोरडी. "पिल्लं नाहीत," म्हणाले, तेव्हा कुठे शिकाऱ्यांच्या टोळीच्या जिवात जीव आला. पिल्लांच्या आईला मारायचं नाही, हा टोळीचा नियम. चुकून मारलीच तर बंदूक कायमची खाली आणि पिल्लू शोधून, घरी आणून वाढवायचं. मग बाबांनी म्हातारीचं कातडं सोलून, उलटं करून तिच्यावर पांघरलं, तिच्या आत्म्यासाठी मंत्र म्हटला.

२ मे, टोकियो
दिग्दर्शक साएगुसा-सान चिडलेत. "चिनात्सु, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी कुठून येणार? मंत्र काप. तो ऐकला की लोक म्हाताऱ्याच्या बाजूने होतात."
"तो म्हातारा माझा बाप आहे."
"म्हणूनच तुझा हात कचरतोय!"
कापला.

३ मे
आवाजांच्या साठ्यातून अस्वलाच्या पिल्लाचं रडणं काढलं. कुठल्याशा प्राणिसंग्रहालयातलं. चित्रपटात जोडलं: गोळी, चार सेकंद शांतता, मग ते. मलाच हुंदका आला. आणि लाज वाटायच्या आधी वाटलं — काय जमलंय! शी.

९ मे, गाव
चित्रपट आधी गावाला दाखवू, असा शब्द दिला होता. सभागृह गच्च. रडणं सुरू झालं आणि सगळ्या माना बाबांकडे वळल्या. टोळीतले हिरुताकाका ओरडलेच, "यासुहेइ, अरे, पिल्लाच्या आईला मारलंस?"
बाबांचा चेहरा पांढराफटक. दारात मला गाठलं. "पोरी, माइक तुझ्या हातात होता. मला आताशा बारीक आवाज येत नाहीत. यंत्राने ऐकलं का गं?"
साएगुसा-सान शेजारीच उभे. मी खरं बोलले तर चित्रपट तिथेच संपला, आणि श्रेयनामावलीत पहिल्यांदा आलेलं माझं नावही.
"हो," म्हटलं. जीभ झडली कशी नाही माझी!
उद्या सांगेन. बाबा एकटे असताना. नक्की.

१० मे
बाबा घरात नाहीत. पहाटेच हिरुताकाकांकडे बंदूक टाकून, दुधाचा डबा पाठीला बांधून एकटेच वर गेले. "सोळा दिवस उपाशी आहे ते पिल्लू," म्हणाले म्हणे. वर बर्फाचे कडे कोसळताहेत. मी निघालेय.