कडेचं भात

बिन्नालाय, इलोकोस
९ एप्रिल

आदरणीय मानांग रेमी,

इथे सगळे बरे आहेत, म्हणजे कोणी मेलेलं नाही आणि डुकरीण व्याली आहे. तुमचे गुडघे होनोलुलूच्या जिन्यांना सरावले असतील अशी आशा करते. तुमचं खोकं पोचलं. साबण घरात आहेत. मटणाचे डबे कापितानच्या बायकोने 'फिएस्तासाठी' म्हणून नेले. फिएस्ता कोणाच्या घरात, ते विचारायची आपल्या गावात पद्धत नाही.

फोनवर हल्ली मी 'हो' आणि 'बरं' याच्या पलीकडे जात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमचा भाऊ ओनोर फोन मोठ्या आवाजावर लावतो आणि मला खेटून बसतो. म्हणून हे पत्र. सिमांगची सून तिकडे परत निघाली आहे, तिच्या बॅगेत सुक्या मासळीवर ठेवायला दिलंय. वासाबद्दल तिला बोलू नका.

तुम्ही गावचा कारभारी म्हणून कापितान डेल्फिनला कळवलंत की फिएस्ताच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला गावाच्या खेळासाठी फुकट राबणाऱ्यांचा सत्कार करा, खर्च माझा, आणि पहिला मान माझ्या धाकट्या भावाला. चांगलं आलं तुमच्या मनात. टोमणा मारत नाहीये, खरंच चांगलं. पण मानांग, ते सन्मानचिन्ह ओनोरला नको.

तुम्हाला गाव सोडून फार वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. इथे माणसाला कोणी 'आता पुरे' म्हणत नाही. त्याला काचेचं सन्मानचिन्ह देतात. चर्चमधली गिटार वाजवणाऱ्या म्हाताऱ्या इस्कोला दिलं, आणि पुढच्या रविवारी गिटार दुसऱ्याच्या मांडीवर होती. इस्को मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. शाळेतल्या बेदींग बाईंना दिलं, तेव्हा त्या बिचाऱ्या ते घेताना रडल्या. लोकांना वाटलं आनंदाने.

कापितान परवा येऊन गेला. केळ्यांचा घड घेऊन. कॉफी प्याला, डुकराची पिल्लं मोजली, माझ्या वांग्यांचं कौतुक केलं, पुन्हा कॉफी प्याला. मी म्हटलं, "कापितान, तुम्ही केळी द्यायला आला नाहीत."

"नाही, म्हणजे केळी खरंच गोड आहेत, सेंतांग."

"अंतिम सामन्याला पंच कोण?"

"ओनोरच! दुसरं कोण? फक्त... मानांग रेमी एवढं करतायत, तर या वर्षी त्याने खुर्चीत बसावं. फुलांची माळ घालून. पाहुणा म्हणून."

माळ घालून खुर्चीत. मी म्हटलं, त्यापेक्षा पेटीतच झोपवा, माळ वाया जायची नाही. तो हसला. आपल्याकडे अडचण झाली की हसतात.

आता तुम्ही म्हणाल, खुर्चीत बसला तर काय बिघडलं, त्याचंही वय झालं. तेच सांगायला बसले आहे आणि वांग्यांकडे वळते आहे. कापितानला नावं ठेवायची मला सोय नाही.

तुम्ही मागे व्हिडिओ पाहून विचारलं होतंत, की कोर्टाच्या कडेने भात का पसरलंय, सामन्याच्या वेळी तरी उचलायला नको का? मी म्हटलं होतं, भात वाळवणारी नाना बिनिंग आळशी झाली आहे. खोटं. नाना बिनिंग म्हातारी झाली, आळशी नाही. पूर्वी ती खेळाच्या आधी सगळं भात झाडून पोत्यात भरायची आणि उरलेल्या दाण्यांवरून पोरांना शिव्या द्यायची. आता मधलं भरते, चारी कडांचं ठेवते. चेंडू सिमेंटवर टणटण वाजतो. भातावर पडला की आवाज मरतो, नुसती सरसर होते. बाहेर गेलेला चेंडू ऐकू येतो, मानांग.

तेबान आठवतो? बालोंगचा थोरला, आपल्या संघाचा म्होरक्या. आंबे चोरायचा आणि कोय हातात असताना 'मी नाही' म्हणायचा. तो आता कोणाला धक्का लागला की हात वर करून ओरडतो, "टाता ओनोर, मी ढकललं!" सगळी पोरं तसंच करतात. अख्ख्या प्रांतात इतका प्रामाणिक बास्केटबॉल कुठे चालत नसेल. प्रेक्षकसुद्धा सुधारलेत. पूर्वी पंचाच्या सात पिढ्या काढायचे. आता चर्चमध्ये मिस्सेला बसल्यासारखे बसतात.

ओनोरला दिसत नाही. दोन वर्षं झाली. डोळ्यांतल्या पाण्याचा दाब वाढलाय, जे गेलं ते परत येत नाही. हे त्याने मला सांगितलेलं नाही. तो एकटाच विगानच्या डॉक्टरकडे जाऊन आला, आणि ज्या ट्रायसिकल-रिक्षावाल्याने नेलं त्याने मला सांगितलं. त्यानंतर एकदा ओनोरने दारातल्या रेड्याला "या कापितान, बसा" म्हटलं. मी खुर्ची पुढे केली. काय करणार होते?

त्याला वाटतं, कोणाला माहीत नाही. गावाला वाटतं, त्याला वाटतं तसं वाटू द्यावं. कोणी बैठक घेतली नाही, कोणी कोणाला काही बोललं नाही. एक दिवस भात कडेला राहिलं, एक दिवस तेबानचा हात वर गेला.

ती शिट्टी आहे म्हणून तो उठतो, दाढी करतो, भांडतो, जेवतो. ती गळ्यातून गेली तर काय उरेल याचा विचार मी करत नाही. म्हणून हात जोडते, कापितानला फोन करा आणि सांगा, सत्कार नको, काही नको. हा सामना त्याला नेहमीसारखा खेळवू दे. पुढचं मी बघते.

पुढचं काय बघणार आहे, ते विचारू नका.

तुमची भावजय,
सेंतांग

---

बिन्नालाय
६ मे

मानांग,

तुमच्या तब्येतीची चौकशी शेवटी करेन. आधी हे.

तुमचा शब्द तुम्ही पाळलात, मला माहीत आहे. तुम्ही कापितानला फोन करून 'नको' म्हणालात. चूक तुमची नाही, तुम्ही तिकडे राहून नको म्हणजे नको असं बोलायला शिकलात. कापितानने ऐकलं आपल्या कानांनी. इथे पहिलं 'नको' हे भरल्या ताटावर धरलेल्या हातासारखं असतं, त्यावरूनच वाढतात. तो धावत माझ्याकडे आला. "सेंतांग, मानांगना सन्मानचिन्ह लहान वाटलं बहुतेक!"

मी म्हटलं, "त्यांना खरंच नकोय."

"हो, हो," तो म्हणाला, "तूही तेच म्हणणार. कळलं मला."

मी आणखी दोनदा नको म्हटलं. प्रत्येक वेळी समारंभ वाढला. पहिल्या नकोला कर्णे आले, शहरातून, माणसापेक्षा उंच. दुसऱ्याला निवेदक आला, चकचकीत कोटातला. तिसरं नको मी गिळलं, नाहीतर हत्ती आणला असता. एक गोष्ट मात्र मिळवली: पंच ओनोरच राहिला. माळ सामन्यानंतर.

आणि एवढा मोठा समारंभ म्हटल्यावर कोर्ट स्वच्छ हवं. सकाळी कापितानची माणसं आली आणि कडेचं भात झाडून नेलं. नाना बिनिंग झाडूसमोर उभी राहिली होती. का ठेवायचं, हे तिला सांगता येईना. बाजूला ओनोर उभा होता, नवा शर्ट घालून. तिने एवढंच म्हटलं, "अजून वाळलं नाही रे." ते म्हणाले, "नाना, कडकडीत वाळलंय."

तुम्ही कापितानच्या फोनवरून बघत होतात. माझ्या अंदाजाने तुम्हाला मिरवणूक दिसली, फुलं दिसली, आणि निवेदक "बिन्नालायचे अमर सेवक" म्हणाला तिथे फोन तुटला. पहिला मान कापितानच्या बायकोला मिळाला, फीत कापल्याबद्दल. नाना बिनिंगचं नाव घेतलंच नाही. भाताला कोण मान देणार?

सामना दालिपे गावच्या संघाशी. चांगली पोरं आहेत, पण पाहुणी. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी आपापसांत बोलायला हवं होतं.

कर्णे चालूच होते. बास्केट झाली की ढोल, चुकली की भोंगा. ओनोर मध्ये उभा, मान कलती करून, ऐकू पाहतोय आणि ऐकू येत नाही. तेबान ओरडतोय, "टाता, मी!" पण ढोलात कोण ऐकणार. मी निवेदकाकडे जाऊन म्हटलं, आवाज कमी कर बाबा. तो कर्ण्यातूनच म्हणाला, "आणि या आहेत आपल्या पंचांच्या धर्मपत्नी, टाळ्या!"

अगदी शेवटी चेंडू तेबानच्या बोटाला लागून बाहेर गेला. लांब गेला, चिंचेपर्यंत. दालिपेचा सगळ्यांत उंच पोरगा घ्यायला धावला. नेमका तेव्हा ढोल थांबला होता. ओनोरने शिट्टी वाजवली आणि हात आपल्या बाजूला दाखवला. बिन्नालायचा चेंडू.

तो उंच पोरगा ओरडला, "ओ पंच! आंधळे आहात का?"

मानांग, हे वाक्य प्रत्येक कोर्टावर, प्रत्येक सामन्यात ओरडतात. पूर्वी आपल्याकडेही दर पाच मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, मीसुद्धा ओरडले आहे. त्यात काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावात लोक हसले असते. इथे अख्खं कोर्ट दगड झालं. निवेदकाचीसुद्धा जीभ अडली. बायकांनी तोंडावर पंखे धरले. मग तेबान रडवेल्या आवाजात म्हणाला, "टाता, माझ्या बोटाला लागला. त्यांचा चेंडू."

ओनोरने मान कलती केली. ती शांतता ऐकत उभा राहिला. मग हात दुसरीकडे वळवला, दालिपेला चेंडू दिला, सामना संपवला. आपण हरलो. त्याने शिट्टी गळ्यातून काढली आणि जिथे माणूस असेल असं त्याला वाटलं तिथे पुढे केली. तिथे कोणी नव्हतं. तेबान पळत जाऊन त्या जागी उभा राहिला.

माळ घालून घेतली. सन्मानचिन्ह घेतलं. हसला. घरी येईपर्यंत माझ्या दंडाला धरून होता. पूर्वी धरायचा नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"काय?"

"दोन वर्षं मला कोणी आंधळा म्हणालं नाही. पंच असून." सन्मानचिन्ह चाचपत म्हणाला, "मला वाटलं, मी सुधारलो."

मग विचारलं, "सेंतांग, तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

एवढी तोंडाळ बाई मी, गावात कोणाची भीड ठेवत नाही, कापितानला पेटीवरून बोलते. माझ्या तोंडून हेच निघालं. त्याने मान हलवली. त्याला खरं वाटलं असेल, तर या घरात तो एकटा आहे. खरं वाटलं नसेल, तरीही एकटाच आहे.

तेव्हापासून तो बाहेर पडत नाही. दाढी वाढली आहे. तेबान येऊन दारात बसतो, ओनोर झोपल्याचं सोंग करतो. संध्याकाळी कोर्टावर कोणी खेळत नाही. शिट्टी बास्केटच्या खांबाला टांगली आहे, आणि गावातल्या एकाचीही तिला हात लावायची हिंमत नाही. नाना बिनिंगने भात पुन्हा कडेला पसरलंय. मधे सगळं रिकामं. लोक त्याला वळसा घालून जातात.

सन्मानचिन्ह पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलंय. नेमकं बसतं. तेवढं मात्र तुमच्या पैशाचं चीज झालं.

तुम्ही या, मानांग. पैसे पाठवू नका, खोकं पाठवू नका. येऊन त्याच्याजवळ बसा आणि तुम्ही तिकडे शिकलात तसं सरळ बोला. आम्हाला जमत नाही. आम्ही त्याच्यावर इतकी माया केली की त्याच्याशी बोलायला गावात माणूस उरला नाही.

तुमच्या गुडघ्यांची चौकशी करायची राहिली होती. पण आत्ता तो खिडकीजवळून म्हणाला, "कागदाची कुरकुर ऐकू येतेय. कोणाला लिहितेस?"

मी म्हटलं, "मानांगला."

"एवढं काय लिहितेस तिला?"

मी कागद पालथा घातला.

"वाच," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मधल्या चार ओळी, मी 'नाही' म्हटल्याच्या, गाळून वाचता येतील. त्याला दिसणार नाही. पण मी कुठे गाळलं ते त्याला ऐकू येईल. भातावर पडलेला चेंडू त्याला ऐकू येतो.

म्हणून सही आधीच करून ठेवते. वाचून झाल्यावर पुन्हा लिहायला बसेन असं वाटत नाही.

तुमच्या भावाची बायको, अजून तरी,
सेंतांग