उज्जैनची पंचवीस मिनिटं

उज्जैन, १२ सप्टेंबर १९९५

ती. अक्कास, सुहासचा साष्टांग नमस्कार.

आधी ताजी बातमी: माझ्या वर्गात अकराचे एकतीस विद्यार्थी झाले. ऑफिसातल्या जयूताईंनी रजिस्टर दोनदा तपासून सांगितलं. तुझा गुडघा कसा आहे? इंदूरच्या त्या जिन्यावर जपून चढ.

यंदा मी बीए-बीकॉमच्या मुलांना खगोल परिचय शिकवतोय. (विज्ञानाची मुलं येत नाहीत, आकाश आपल्याला ठाऊकच आहे असा त्यांचा समज आहे.) वीसपेक्षा कमी मुलं उरली तर खोली कॉम्प्युटर क्लासला जाईल, असं प्राचार्यांनी जुलैतच बजावलं होतं. गळती लागून मुलं अकरावर आली, तेव्हा मी फळा सोडला आणि त्यांना मैदानात नेऊन एक काठी रोवली. तिची सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा खरी दुपार. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखडतच होती. बीकॉमची दुर्गा म्हणाली, "सर, सूरज लेट आहे. एब्सेंट लावा!" बारा पंचवीसला सावली थांबली. मी समजावलं, की देशाचं घड्याळ पार प्रयागकडच्या सूर्यावर लावलंय. आपल्याकडे तो उशिरा पोचतो.

माझं शिकवणं मुलांना इतकं पटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक तासाला पंचवीस मिनिटं उशिरा येऊ लागली. हिंदीच्या मीराबाईंनी हटकलं, तर केदार नावाच्या मुलानं फळ्यावर आकृतीच काढली: मॅडम, उज्जैनच्या टाइमानं आम्ही बरोबर आहोत, घंटाच पहले वाजते. (पूर्वी साऱ्या देशाचे पंचांगकर्ते आपल्याच गावावरून वेळ मोजत, हेही त्याला मीच सांगितलेलं.) मग कॉलेजातले सगळे उशीरवाले माझ्या वर्गात नाव घालायला धावले.

प्राचार्य म्हणतात, हा वर्ग नव्हे, साथ आहे. खोली देऊन टाकायचा कागद त्यांनी टाइप करून ठेवलाय. पण मी हटणार नाही. सूर्य गावाचा असला तरी घंटा देशाची, हे मुलं स्वतः शनिवारी सगळ्या कॉलेजसमोर काठी रोवून सिद्ध करतील.

तुझा,
सुहास

ता. क. उशिरा येण्याबद्दल प्राचार्यांचा मेमो मुलांना नाही, मला मिळालाय. रिकाम्या बाकांना काय शिकवणार, म्हणून मीही पंचवीस मिनिटांनीच जात होतो.

आणखी ता. क. आमचे प्राचार्य म्हणजे तू तिसरीत शिकवलेला विलास. अजून तो फक्त तुला भितो. शनिवारपर्यंत त्या कागदावर सही करू नकोस, एवढं एक कार्ड त्याला आजच टाक. शनिवारी बारा बावीसला सावली सगळ्यात आखूड होईल. (ही वेळ रोज जराशी सरकते, ते विलासला कळवू नकोस, नाहीतर मुलांचा उशीरही रोज बदलेल अशी त्याला धास्ती बसेल.) ढग आले, तर सोमवारी काठी पुन्हा रोवीन.