फुंकणीतून ऐकलेला आवाज

११ जानेवारी १९५४

हिरवी मोटार! अंगणात! दोनच माणसांची, वरून उघडी, आणि बोनेट एवढं लांब की मोटारीचं नाक आमच्या फाटकातून आत आलं तेव्हा देवाजी ड्रायव्हर अजून रस्त्यावरच होता. अर्धं वडसा गाव बांबूच्या तट्ट्यावरून वाकून बघत होतं.

लाकडाचे ठेकेदार गुणवंतराव यांची ही गाडी; त्यांच्या लॉऱ्याही दुरुस्तीला आमच्याकडेच येतात, देवाजीच आणतो. मुंबईहून नवी आणली तेव्हा कंपनीची बारा महिन्यांची हमी होती. आता चौदावा महिना. इंजिनातून टिक टिक आवाज यायला लागला. कंपनीनं कळवलं, मुदत संपली, हवी तर मुंबईला पाठवा. गुणवंतराव म्हणाले, "आपला बाबूभाई मिस्त्री कोन्या कंपनीपेक्षा कमी हाय का?" अब्बांबद्दल हे ऐकून अम्मीनं दोनदा चहा पाठवला.

देवाजी मात्र डोकं उठवतो. अब्बांच्या अगदी तोंडासमोर उभा राहून ओरडत बोलतो, आणि बोलताना बोनेटवर बोटं वाजवतो. "बाबूभाई, असा आवाज येते जी. टक-टक-टक. समोरून. बारीक!" अब्बा काय मोटार पहिल्यांदा बघत आहेत?

अब्बांनी स्क्रू पिळायचा लांब पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. पूर्वी कानाला लावायचे. म्हणाले, टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे खिळे, सैल असतील.

१२ जानेवारी

टॅपेटचं काम झालं. एकेक अंतर पत्ती घालून मोजलं. आकडे मी पुस्तकातून वाचून दिले, दोनदा तपासून.

इंजिन सुरू केलं. अब्बा हात पुसत म्हणाले, "गेला आवाज."

गेला नव्हता! मी स्वयंपाकघराच्या दारात होते, तिथपर्यंत येत होता. अब्बा मस्करी करतात असं वाटलं. तेवढ्यात देवाजी बोनेटवर बोटं आपटत मोठ्यानं हसला, "बाबूभाई, इंजनात घडी बसवून देल्ली का जी? टक-टक-टक! आता टाइम बी सांगन हे!" तट्ट्यावरची माणसं हसली. अब्बा त्याच्या बोटांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "राहू दे गाडी. अजून पाहतो."

चारचौघांत असं बोलायचं? या माणसाच्या तोंडाला कुलूप नाही.

१३ जानेवारी

आज मी एक वाईट काम केलं. अब्बा पाठमोरे बसले होते. मी मागे जाऊन हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग एक पाना फरशीवर टाकला.

मान वळली नाही.

समोर गेले तर माझा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. म्हणाले, "दोन दिवाळ्या झाल्या, बेटी." ओठ बघून समजतात. लोखंडाची धडधड पेचकसातून दाताला लागते, तेवढ्यावर काम चालतं. अम्मीला माहीत आहे. फक्त मला नव्हतं, आणि घरात पहिली शिकलेली मी! सातवीचं सर्टिफिकेट काचेत लावलं आहे माझं.

"मिस्त्रीचे कान गेले समजलं तं कोन गाडी आणीन?" मी म्हटलं, मी ऐकीन, तुम्ही बोला. अब्बा हसले. खूप दिवसांनी.

हे खोटं बोलणं आहे का? अजून कोणाशी खोटं बोललेले नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. देवाजीची बायको बुधरीबाई तिळगूळ देऊन गेली.

दुपारी फाटक लावून अब्बांनी इंजिन सुरू केलं, मी जवळ बसले. पेचकस तेलकट, तो कानात घालवेना. चुलीजवळची फुंकणी आणली, तिचं एक टोक कानाला. काय स्पष्ट ऐकू आलं! टिक, टिक, टिक—जणू आतून कोणी नखानं वाजवतंय. वर कमी. बाजूनं खाली नेली की जास्त. मला माझ्या युक्तीचा अभिमान वाटला. तोही लिहून ठेवते.

"खालून येतो," मी बोटानं दाखवलं.

अब्बांनी तिथे पेचकस टेकवला, दातांत धरला. "दाताले काईच नाई लागत."

"मी ऐकलं ना, अब्बा!"

पुन्हा टेकवला. पुन्हा मान हलवली. मग म्हणाले, "तुझे कान जवान आहेत. खालून म्हणजे बेअरिंग असंल."

हेही नोंदवते: पाव तास इंजिन चालल्यावर आवाज मंद झाला. मी अब्बांना सांगितलं नाही. महत्त्वाचं वाटलं नाही.

१५ जानेवारी



जुम्म्याच्या नमाजानंतर गुणवंतराव आले. अब्बांनी सांगितलं, खालची बेअरिंग. चौदा महिन्यांत कशी गेली, त्यांनी विचारलं. अब्बा म्हणाले, "कधी तेल कमी पडलं असंल तं होते असं."

तेवढंच. गुणवंतराव देवाजीकडे वळले. "तेल कोन पाहते रे?"

"मीच पाह्यतो जी. रोज पाह्यतो."

"रोज पाह्यतो तं बेअरिंग काऊन गेली? माझी एवढी गाडी मारली तुनं! ठेव किल्ली. उद्यापासून येऊ नको."

देवाजीनं अब्बांकडे पाहिलं. मग दाराआड मी होते तिकडे. तोंड उघडलं—काही बोलणार होता. बोलला नाही. किल्ली बोनेटवर ठेवली आणि गेला. तोंडाला कुलूप नसलेला माणूस!

मला वाटलं, चूक त्याची आहे म्हणूनच गप्प बसला. हो, असं वाटलं. आणि बरंही वाटलं थोडं. घडीची थट्टा आठवली.

१६ जानेवारी

बेअरिंगच असू दे. या अल्ला, बेअरिंगच असू दे.

१८ जानेवारी

चेंबर उतरवला, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. बेअरिंग एकेक काढून अब्बांनी फडक्यावर ठेवल्या. आरशासारख्या. एकीवर ओरखडा नाही. या इंजिनाला एक दिवस, एक तास तेल कमी पडलेलं नाही.

 अब्बा मला रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त एक बेअरिंग माझ्या हातावर ठेवली आणि तोंड धुवायला गेले.

मी त्यांच्या दातांचं ऐकलं नाही. त्यांनी मात्र माझ्या कानांचं ऐकलं.

१९ जानेवारी

विहिरीवर बुधरीबाई. मी परतणार होते, तिनंच हाक मारली. "काऊन गं जैनब, तोंड लपवून राह्यली?"

देवाजी नाटक मंडळीच्या लॉरीवर जातो आहे. पडदे, पेट्या आणि नट घेऊन नागभीडकडे. हंगाम संपला की तेही काम संपेल. "इतकी वर्सं साहेबाची गाडी चालवली, आता राजा-राणी वाहून नेते," म्हणाली आणि हसली. ती स्वतः गिरणीत भात वाळवायला जाते. माझी घागर तिनंच डोक्यावर चढवून दिली.

 दोन शब्द बोलायचे होते. पूर्ण घागरभर पाणी घरी आणलं, आणि ते दोन शब्दही तसेच परत आणले.

अब्बांना म्हटलं, गुणवंतरावांना सांगा, बेअरिंग चांगल्या आहेत. म्हणाले, "सांगतो. पन साहेब विचारीन दोष काय, मग काय सांगू? आधी दोष सापडू दे." खरं आहे. पण आम्ही दोघंही ते खरं आहे म्हणून नाही, सोयीचं आहे म्हणून धरून बसलो आहोत.

२० जानेवारी

इंजिन पुन्हा जोडलं. आवाज तिथेच. माझ्या कानात तर थांबतच नाही. जेवताना चमच्याच्या आवाजानंही दचकले.

२१ जानेवारी

सापडला!!

सकाळी चूल पेटत नव्हती, ओलं जळण. फुंकणीनं फुंकत होते. फुंकणी चुकून चुलीच्या काठाला लागली, वाऱ्याची वाट अडली, आणि पुन्हा मोकळी झाली तेव्हा फट्‌ असा आवाज झाला. कोरडा. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. पण लोखंड कुठे होतं? नुसता वारा होता.

तशीच पळाले. इंजिन थंड होतं. अब्बांना म्हटलं, सुरू करा. आवाज सर्वांत मोठा होता तिथे फुंकणी धरली: टिक टिक. मग पेचकस—तेलकट असला तरी—कानाला लावला, त्याच जागी. काहीच नाही!

नळी पोकळ. ती वाऱ्याचा आवाज आणते. पेचकस भरीव. तो लोखंडाचा आणतो. पोकळीतून ऐकू येतो आणि भरीवातून नाही, तर आतलं लोखंड निर्दोष आहे. कुठून तरी वारा फुटतो आहे. अब्बांचे दात चौदा तारखेलाच हे सांगत होते.

सगळं हातवारे करून सांगितलं. अब्बांनी डोळे बारीक केले, मग इंजिनाच्या बाजूचा पत्रा काढला. धूर बाहेर नेणारा नळ इंजिनाला जिथे बसतो, त्या जोडावर केसाएवढी काळी रेघ. काजळी! मी रोज सकाळी चुलीच्या भेगेवर हीच बघते. आतलं पॅकिंग जळलं होतं. थंड असताना फटीतून धूर फुटतो, तापलं की लोखंड फुगून फट बुजते. आवाज मंद होतो. चौदा तारखेला मी हे ऐकलं होतं. महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

अब्बांनी तांब्याच्या पत्र्याचं नवं पॅकिंग कापलं. दुपारपर्यंत बसवलं. इंजिन आता मांजरासारखं घुरघुरतं.

एवढीशी रेघ. आणि एका माणसाची नोकरी.

२२ जानेवारी

गुणवंतराव उद्या गाडी न्यायला येणार. अब्बा म्हणतात, पॅकिंग गेलं होतं एवढं सांगू, देवाजीसाठी शब्द टाकू. मी म्हटलं, बेअरिंग काऊन म्हटलं होतं असं विचारलं तर?

अब्बा हात धुवायला उठले.

अम्मी म्हणाली, "दुकान बंद पडलं तर तुझ्या सातवीच्या कागदावर भात शिजेल का?" तिचंही चूक नाही.

आज दिवसभरात कोणाच्याही तोंडून चूक असं काही निघालं नाही, आणि तरी सगळं चूक आहे.

२३ जानेवारी

लिहून टाकते, जसं झालं तसं.

गुणवंतराव आले, गाडी ऐकली, खूश झाले. अब्बांनी पॅकिंग दाखवलं. म्हणाले, देवाजीचा दोष नव्हता जी, त्याले परत घ्या. गुणवंतराव म्हणाले, "आता दोष नव्हता म्हनतोस? तवा तेल म्हने. तू काय ऐकलं होतं बाबूभाई?"

अब्बा हत्यारं गोळा करायला वळले होते. पाठ होती. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. गुणवंतरावांनी पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात. अब्बा शांतपणे पाने पुसत राहिले.

मी दाराबाहेर आले. ओढणी सावरली की नाही, आठवत नाही. म्हटलं, "ऐकलं मी. त्यांना ऐकू येत नाही. आवाज खालून येतो असं मी म्हटलं, म्हणून बेअरिंग ठरली. ते नाही म्हणत होते. देवाजीभाऊंनी तेलाची कधीच हयगय केली नाही."

अब्बा पाने पुसत होते. त्यांच्या चार हात मागे मी त्यांचं गुपित फोडलं, आणि त्यांना ते ऐकू आलं नाही!

गुणवंतराव बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "देवाजीले बोलावतो." किल्ली फिरवली, थांबले. "पन पोरी, माझ्या लॉऱ्या आता नागपूरले जातीन. समजून घे."

ते गेल्यावर अब्बांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि ओठ हलवून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं कठीण गेलं. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात तेलकट होता, मग काढून घेतला. त्याचा अर्थ मला नीट लागलेला नाही.

२४ जानेवारी

एकही गाडी आली नाही.

२५ जानेवारी

देवाजीभाऊ आले, किल्ली हातात. आभार मानतील असं वाटलं होतं. ते माझ्यावर चिडले होते! "काऊन सांगतलंस गं? दोन सालापासून बोनेटवर वाजवून-वाजवून सांगत होतो मी बाबूभाईले, कुठी आवाज येते, कसा येते, गेला का राह्यला. ते घडीचं बी तेच्यासाठीच बोललो होतो. त्या दिवशी किल्ली ठेवली, पन बोललो का मी?"

मग अब्बांच्या समोर जाऊन बोनेटवर बोटं वाजवली. अब्बा बोटांकडे बघून हसले.

मी बारा तारखेचं पान काढून वाचलं. 'या माणसाच्या तोंडाला कुलूप नाही.' खोडणार नाही. राहू दे तसंच.