मोहिनीच्या बायोडाट्यातले तीन इंग्रजी शब्द

रामदास, माझ्या नातीला कागदावर चेटकीण म्हणायची तुला काय गरज व्हती?

आता आशीर्वाद घे. भावजय जया बरी असंल. तुझा गुडघा दुखत असंल तर दुखू दे.

मोहिनीचा बायोडाटा तू छापलास, त्यात चार्मिंग, ॲडजस्टिंग, अंडरस्टँडिंग असं घातलंस. मी दुसरी शिकलेली, मला काय कळतंय! म्हणून मोहिनीची मैत्रीण बुशरा (घोडेगावात इंग्रजी शिकवती, पोरगी गुणाची) हिला विचारलं. ती म्हणली, आजी, चार्मिंग म्हंजे मोहक, पण शब्द निघाला मंतर म्हणून भुरळ घालण्यातनं. आमच्या आहुप्यात मंतर घालणारीच्या घरचं कोण पाणी पीत न्हाई, आन तू ते लग्नाच्या कागदावर छापतोस? ॲडजस्टिंग म्हंजे जवळ आणून जोडून घेणारी. कुणी कुणाला जोडून घ्यायचं ते तू लिहिलं न्हाईस, मग पारगावच्या पावण्यांनी आपल्या सोयीनं लावलं. मुलाची आई पोहे खाताखाता (तिसरी बशी) म्हणली, "पोरगी ॲडजस्टिंग हाय, मग दवाखान्यातली नोकरी सोडंलच की. म्हशी बघंल, थोरल्या जावंचं ऐकंल." मी म्हणलं, बाई, घडीची खुर्ची न्या, पोरगी कशाला? तेवढ्यात मोहिनी खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "नोकरी सोडणार न्हाई. तुमचा सुदर्शन काय सोडणार, ते सांगा." पावणं चहा न घेता गेलं. बुशरा म्हणती, अंडरस्टँडिंगचं मूळ मधी उभं राहण्यातच हाय. म्हंजे तुझा एक शब्द खरा निघाला, तोबी चुकून.

तुझी अक्का,
लंकाबाई

ता. क. सुदर्शन काल एकटाच आला. राहिलेला चहा मागून प्याला, कप सोता विसळला. म्हणला, नोकरी करू दे, आईला मी सांगतो. मोहिनीला पसंत हाय. मला अजून न्हाई. एक कप कुणीबी विसळतंय. तू नवा कागद छाप, आन 'नोकरी सोडणार न्हाई' हे नावाच्या खालीच घाल.

ता. क. दुसरा. ॲडजस्टिंग तू इंग्रजांकडनं न्हाई आणलास, घरातनंच उचललास. जयाची शिवणाची मशीन माळ्यावर कशी गेली, ते मला ठाऊक हाय. तिला विचार, मोहिनीनं होकार द्यावा का? ती लिहील तसं ठरंल. उत्तर जयानंच लिहायचं. तू फकस्त पाकीट चिकटवून टाकायचं, आन वाचायचं न्हाई.