माळावरचं गवत, काचेतलं

३ जून ९१, ब्रिस्टल
गॅलरीने माझी तिन्ही काचचित्रं परत पाठवली. गॅलरीवाली मार्गारेट म्हणाली, "लव्हली, बट सो ब्राउन, डिअर." इथे रान म्हणजे हिरवंच. गावचा उन्हाळ्यातला माळ यांच्या गळी कसा उतरवू? महिनाअखेरपर्यंत प्रदर्शनात एक जागा राखते म्हणाली. हेही फसलं तर भट्टी विकून टाकणार. नवऱ्याला, सुधीरला, सांगितलं. "थकलीयस, झोप." हॉस्पिटलातून आला की त्याला घरातले सगळे पेशंटच वाटतात.

९ जून
बाबा आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. बॅगेत धोतरात गुंडाळलेली माळावरच्या गवताची पेंढी!
"कस्टमवाल्याला काय सांगितलंत?"
"पूजेचं आहे म्हटलं. सोडलं बिचाऱ्यानं."
माळ कारखान्यासाठी गेला. कुंपण पडायच्या आत कापून आणलंय. आता तिथे काडी नाही.

१६ जून
दोन काचांमध्ये गवत मांडलं. भट्टीत ते जळतं, राखेचा पांढरा ठसा काचेत राहतो. बाबा शेजारी बसून काड्या निवडत होते. "एका अंगाला झुकव गं. वारा असतो तिथं." झुकवल्या. सगळी पेंढी वापरली, हात आखडला नाही. कितीतरी दिवसांनी मी नीट जेवले.

१८ जून
काच भट्टीतच सावकाश निवावी लागते, घाई झाली की तडकते. विजेवरची भट्टी ते आपोआप सांभाळते, म्हणून सुधीर आणि मी शॉपिंगला गेलो. वाटेत धो धो पाऊस, गडगडाट. घरी आलो तर एक दिवा नाही, बाबा जिन्यात बसलेले.
"विजा काय कडाडत होत्या! मेन स्विच बंद केला. तुझी भट्टी वाचली बघ."
गावी हेच तर करायचो. मीच करायचे, स्टुलावर चढून.
भट्टीच्या शेडकडे गेलेच नाही. जाऊन तरी काय...

२० जून
झाकण उघडलं. आरपार चीर. उचलायला गेले तर दोन तुकडे हातात. पुन्हा तापवली तर ठसा राहणार नाही. बाबांना सांगितलं, अजून निवतेय. सु. म्हणतो, खरं सांगून टाक. कसं सांगू? आईच्या मागे या माणसाने एवढी एकच गोष्ट हौसेने केली.

२८ जून
बाबा परत गेले. इतके दिवस काच निवते का, असं एकदाही विचारलं नाही. मार्गारेटला नाही म्हणून कळवलं. भट्टी विकायची तर जाहिरात द्यायला हवी, तेवढंही त्राण नाही. बाबांचा राग येत नाही, असं सु.ला सांगते. खोटं आहे. येतो. चहा टाकताना येतो, आणि मग स्वतःचीच किळस वाटते.

११ ऑगस्ट
बाबांचा फोन, गावातल्या बूथवरून. काचेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पाऊस, गुडघे, शेजारच्यांची म्हैस. मग म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात येऊ का गं परत?"
माझ्या तोंडून पटकन हो निघालं नाही.
"नाही, बघू," तेच घाईघाईने म्हणाले. "एवढा प्रवास आता झेपत नाही मला."
फोन ठेवला. उलट फोन करायला त्या बूथचा नंबर माझ्याकडे नाही.