मिठाची ऊब

आई,

आज भाचा आला होता, धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून, पेढे घेऊन. त्याला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच आली म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे. मी देवापुढे दिवा लावला. तो म्हणाला, "आत्या, तिला काय व्हायचं नाय. बापच मिठात मुरलेला हाय." मग म्हणाला, "आजीने मला कसा जगवला, सांग ना." सांगितलं, पण निम्मंच. उरलेलं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तुला लिहिते आहे.

पहिलं बाळंतपण म्हणून मी रोह्याहून पेणला, आपल्या खाडीकाठच्या घरी आले होते. माझा लेक आठ दिवसांचा झाला आणि वहिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली; तिला तिच्या माहेरी पोचवायलाही वेळ मिळाला नाही. पोर ओंजळीएवढं. घरात वीज नव्हती, डॉक्टर 'ऊब द्या' एवढंच सांगून गेले. तू सुपात कापूस पसरलास, बाबांच्या मिठागरातलं जाडं मीठ तव्यावर तापवलंस, जुन्या लुगड्याच्या फडक्यांत पुरचुंड्या बांधल्यास. प्रत्येक पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावायचीस, मग त्याच्या कुशीला. एक निवली की दुसरी. तुझ्या डाव्या गालावर लाल चट्टा उठला होता आणि मला त्या चट्ट्याचाही हेवा वाटायचा. माझ्या लेकाला शेजारची काकू न्हाऊ घालते, शेकशेगडीही तीच करते, आणि मी बाजेवर पडून तुझी पाठ बघते आहे. एकदा म्हटलंच, "मी लेक हाय ना गो या घरची?" मान न वळवता म्हणालीस, "तुझा धडधाकट हाय. त्याला देव बघंल. याला मलाच बघायला हवं." आयुष्यभर देवाचं केलं मी, पण त्या दिवशी मला देव नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक मारली, "आई, हा दूध ओढत नाय." खोटं होतं. नुकताच पोटभर प्यायला होता. तू हातातली पुरचुंडी टाकून आलीस, त्याला उचललंस, आणि त्याने तुझ्या खांद्यावर दुधाची गुळणी टाकली. तुला कळलं. रागावली नाहीस, खांदाही पुसला नाहीस. माझ्याजवळ बसलीस आणि केसांवरून हात फिरवत राहिलीस. आतून वहिनी ओरडली, "अवो, याचं पाय गार लागतायत." तेव्हा उठलीस.

भाच्याला एवढं सांगितलं नाही. तेवढ्या वेळात तो गेला असता, हे मला कळतं. देवापुढे हात जोडले की रोज कळतं. पण त्या दुपारची आठवण आली की आधी मनात येतं ते वेगळंच. वहिनीने जरा उशिरा हाक मारायला हवी होती.