क्रेन थांबली, नकाशाही आला

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याच्याहून जास्त. तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढून घेतला. तिच्यावर रागावू नकोस.

आधी ऑफिसची बातमी. काल मालधक्क्यावर तुझ्या पद्धतीची चाचणी झाली. आपल्या मोबाइल टॉवरवरून कामगारांच्या टॅबवर भलेमोठे नकाशे जात असतात. त्याच वेळी क्रेनला ‘थांब’ सांगायचं, तर तो एवढासा संदेश नकाशा संपायची वाट बघत बसणार कसा? म्हणून तो नकाशाच्या मध्येच घुसवायचा, इथवर साहेबांनाही पटलं होतं. तुमचं भांडण पुढचं. ज्या टॅबच्या नकाशाची जागा त्या संदेशाने घेतली, त्याला ‘तुझा अमुक तुकडा गेला’ असं कळवायचं की नाही? साहेब म्हणाले, क्रेन थांबली ना, मग विषय संपला. तू म्हणालीस, “मध्ये घुसा, पण ज्याचं घेतलं त्याला सांगा तरी.”

तू गेल्यावर साहेबांनी ते कळवणं काढून टाकलं आणि टॅब अडकायला लागले. दुसऱ्याचा संदेश आपलाच समजून नकाशात कालवत बसायचे बिचारे. कामगारांनी डोकं खाल्लं, तेव्हा कुठे साहेब ताळ्यावर आले.

काल तुझं कळवणं परत घातलं. क्रेनला वाळूचं पोतं टांगलं, टॅबवर नकाशा जात असतानाच मी ‘थांब’चं बटण दाबलं. पोतं हवेतच थांबलं, आणि टॅबने गेलेला तेवढाच तुकडा परत मागून नकाशा पुरा केला. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताईंना कळवा.” माझी छाती अशी फुगली, जणू डोकं माझंच चाललं होतं. ताई, मला तुझा फार अभिमान वाटतो.

आता राहिलेलं. त्या दिवशी जेवताना तुला फोन आला आणि तू अर्ध्या ताटावरून उठलीस. तो फोन एका इस्पितळाचा होता, त्यांचं नेटवर्क सांभाळायला तातडीने तू हवी होतीस, हे मैत्रिणीकडून कळलं. तुझं जाणं बरोबरच होतं. पण आईला वाटतं, तिचंच काही बोलणं तुला लागलं म्हणून तू गेलीस. त्या जेवणातलं बोलणं आठवून ती रोज स्वतःची नवी चूक शोधून काढते. मैत्रिणीचं सांगणं मी तिच्या कानावर घातलं, पण तिला ते तुझ्याकडून हवंय.

मलाही.

परत ये म्हणत नाही. तिथे तुझी गरज जास्त आहे. का गेलीस, तेवढं दोन ओळींत आम्हाला कळव. उरलेलं आम्ही जुळवून घेऊ.

लहानपणापासून तुझ्यामागे फिरणारं,
तुझंच शेपूट